आधी समोरच्याचं म्हणणं

(हिंगोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवली. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण आज इथं बसले आहेत. म्हणून विषयही भाषेतलाच घेतला आहे. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून देणं हे भाषेचं एक मोठं काम. घरात, ग्रामसभेत, बाजार समितीत, कोर्टात, दवाखान्यात ते रोज लागतं. शाळेत आपण ते शिकवतो असा आपला समज आहे. तो समज मला आज तपासून पाहायचा आहे.

वक्तृत्व स्पर्धेचंच पाहा. विषय आठ-दहा दिवस आधी जाहीर होतो. भाषण लिहून देतात सर, नाहीतर मोठी बहीण, आणि आता मोबाइल. मूल ते पाठ करतं. हात कुठं उचलायचा, आवाज कुठं चढवायचा, डोळे कुठं मोठे करायचे, हेही ठरलेलं असतं. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी. परीक्षकाच्या हातात कोष्टक असतं : विषयाची मांडणी, पाठांतर, उच्चार, हावभाव, सभाधीटपणा. मी वर्षानुवर्षं अशी कोष्टकं भरली आहेत. समोर बसलेल्या दीडशे मुलांपैकी एकाचं तरी मत या भाषणानं हललं का, हे विचारणारा रकाना त्यांत मला कधी दिसला नाही.

वादविवाद स्पर्धेत तरी हे घडायला हवं. तिथं अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन बाजू असतात. पण दोन्ही भाषणं घरून पाठ होऊन आलेली असतात. ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी जे सांगितलं त्याचं मी खंडन करते’ हे वाक्यसुद्धा चार दिवस आधी लिहिलेलं असतं. आधीचा वक्ता काय बोलला ते मुलीनं ऐकलेलं नसतं, कारण त्या वेळी ती बाकावर बसून स्वतःचं भाषण ओठांतल्या ओठांत घोकत असते. दोष तिचा नाही. तिला आम्ही शिकवलंच तसं.

माझं म्हणणं असं आहे : ज्याला समोरच्याचा आक्षेप समोरच्यापेक्षाही चांगला मांडता येतो, त्यालाच आपली बाजू पटवता येते. आपल्या भागाला हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. मानसशास्त्रातल्या गेल्या ऐंशी वर्षांच्या प्रयोगांनी त्याला पुरावा दिला आहे. शाळेच्या फाटकाबाहेर असलेलं हे ज्ञान आता आत यायला हवं.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कोणताही तालुका घ्या, सप्ताह होत नाही असं गाव शोधावं लागेल. रात्रीचं कीर्तन डोळ्यांसमोर आणा. मागं टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला पखवाज, पाठीशी विणेकरी. महाराज अभंग घेतात. पहिलं चरण म्हणतात, टाळ वाजतात, थांबतात. मग महाराज उपरणं सावरून एक पाऊल पुढं येतात आणि म्हणतात, ‘आता तुम्ही म्हणाल, महाराज, नाव घेऊन पोट भरतं का? सोयाबीनला भाव नाही, पोराचं लग्न जमंना, विहिरीला पाणी नाही, आणि तुम्ही रात्री दहा वाजता आम्हाला नाव घ्यायला सांगता.’ मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसलेला, अर्धवट झोपेतला माणूस इथं ताठ होतो. त्याच्या मनातलं कुणीतरी माइकवरून बोललेलं असतं. चांगला कीर्तनकार लगेच उत्तराकडं धावत नाही. तो आक्षेप आणखी पक्का करतो, त्यात आणखी दोन गोष्टी घालतो. मांडवात हशा होतो, माना हलतात, आणि मग तो उत्तराला हात घालतो. आधी संतांच्या वचनाचं प्रमाण, मग दृष्टांत, मग पुन्हा तेच चरण. आता ते चरण वेगळं ऐकू येतं.

शास्त्रग्रंथांत या पद्धतीला पूर्वपक्ष म्हणतात. आधी विरोधकाचं म्हणणं पूर्ण बळानिशी मांडायचं, मग त्याचं उत्तर द्यायचं, मग सिद्धान्ताला यायचं. न्यायसूत्रांनी तर चर्चेचे प्रकारच पाडले आहेत : सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करायची ती वितंडा. रात्रीच्या बातम्यांमधल्या चर्चा कोणत्या वर्गात बसतात हे तुम्ही ठरवा. पंडितांच्या वादसभेतली ही शिस्त मांडवात, बायाबापड्यांच्या आणि सालगड्यांच्या पुढ्यात आणली ती कीर्तनानं. आपल्या प्रदेशाचं हे मोठं शैक्षणिक काम आहे. शिक्षणाच्या इतिहासात ते कुणी नोंदवत नाही याची मला खंत वाटते.

आता प्रयोगांकडं वळू. 1945 च्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याला एक अडचण होती. जर्मनी पडणार हे दिसत होतं आणि युद्ध आता संपलंच असं सैनिकांना वाटू लागलं होतं. जपानशी लढाई अजून बाकी होती. कार्ल होवलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरच्या भाषणाच्या दोन प्रती तयार केल्या. जर्मनी हरल्यानंतरही युद्ध निदान दोन वर्षं चालेल, हे दोन्हींचं म्हणणं. पहिल्या प्रतीत फक्त त्या बाजूची कारणं होती. दुसरीत तीच कारणं होती आणि शिवाय उलट बाजूचे मुद्देही होते : आपलं आरमार मोठं आहे, जपान आता एकटा पडणार आहे. सरासरी काढली तेव्हा दोन्ही भाषणांचा परिणाम जवळजवळ सारखाच आला. पण सैनिकांची विभागणी केल्यावर चित्र बदललं. जे आधीच सहमत होते त्यांच्यावर एकतर्फी भाषणाचा जोर जास्त पडला. ज्यांचं मत आधी विरुद्ध होतं, त्यांना दोन्ही बाजू सांगणारं भाषण जास्त पटलं. जास्त शिकलेल्यांनाही तेच पटलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्याच माणसांच्या सभेत टाळ्या मिळवायच्या तर एकतर्फी बोलून भागतं. ज्याचं पटलेलं नाही त्याला पटवायचं तर त्याचं म्हणणं आपल्या तोंडून यावं लागतं. आपली वक्तृत्व स्पर्धा पहिल्या प्रकारची तयारी करून घेते.

1953 मध्ये लम्सडेन आणि जॅनिस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही बाजू ऐकून ज्यांचं मत बनलं होतं, त्यांच्यावर पुढं उलट प्रचाराचा मारा झाला तेव्हा ते टिकले. एकतर्फी ऐकून बनलेलं मत मात्र सहज ढासळलं. विल्यम मॅकग्वायर यांनी 1960 च्या दशकात याच धाग्यावर लसीची कल्पना मांडली : विरोधी युक्तिवादाचा सौम्य डोस उत्तरासह आधीच मिळाला, तर मन पुढच्या खऱ्या हल्ल्याला तयार राहतं. खोटे संदेश आणि बनावट व्हिडिओ दर तासाला हातात येण्याच्या या काळात मुलांना काय शिकवावं, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हे काम वाचावं असं मला वाटतं.

पण इथं एक खाचखळगा आहे आणि तो पार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माईक ॲलन यांनी 1991 मध्ये आणि डॅनियल ओ’कीफ यांनी 1999 मध्ये तोवरच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्यांना आढळलं की विरोधी मुद्दा सांगून त्याचं उत्तर देणारं भाषण एकतर्फी भाषणापेक्षा जास्त पटतं. विरोधी मुद्दा नुसता सांगून सोडून दिला, तर मात्र ते एकतर्फी भाषणापेक्षाही कमी पटतं. म्हणजे ‘दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे’ असं गुळमुळीत बोलणं कामाचं नाही. पूर्वपक्ष उभा केला की उत्तरपक्षाची जबाबदारी आलीच. मांडवातल्या महाराजांना हे कुणी आकडेवारीनं सांगितलं नव्हतं, पण आक्षेप अर्धवट टांगून ठेवून कीर्तन संपवणारा कीर्तनकार मी पाहिलेला नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या एका गोष्टीकडं येतो. तुम्हा सर्वांना ती पाठ आहे. तरीही ती पटवण्याच्या दृष्टीनं पुन्हा ऐका.

कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. काळ 1270 ते 1350. घर शिंप्याचं. परंपरा सांगते की तेरढोकीला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संत जमले असताना मुक्ताईनं गोरोबांना विचारलं, हे थापटणं कशासाठी? मडकी पक्की की कच्ची ते पाहायला, असं उत्तर आलं. मग गोरोबांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले. हे मडकं कच्चं, असा निकाल झाला. नामदेवांना तो मुळीच पटला नाही. सर्वांसमोर, डोक्यात थापटणं मारून, ‘तू कच्चा’ असं सांगितलेलं कुणाला पटेल? शाळेच्या फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोराची जी अवस्था होते तीच नामदेवांची झाली. ते रुसून पंढरपूरला गेले.

नंतर ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले, विसोबा खेचरांकडं. पाहतात तर म्हातारे विसोबा पिंडीवर पाय टाकून आडवे झालेले. नामदेवांनी हरकत घेतली. आता विसोबांकडं दोन सोपे मार्ग होते. एक, दटावणं : तू लहान, तुला काय कळतं. दोन, प्रवचन देणं : देव सगळीकडं आहे, दगडात बांधलेला नाही. दोन्हींपैकी एकही त्यांनी केलं नाही. ते म्हणाले, बाबा, तुझं खरं आहे. मी थकलोय, मला पाय हलवत नाहीत. जिथं देव नाही अशी जागा बघ आणि तिथं तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलले, दुसरीकडं ठेवले, खाली पिंड. तिसरीकडं ठेवले, तिथंही पिंड.

चमत्कार बाजूला ठेवा आणि युक्तिवादाची बांधणी पाहा. विसोबांनी नामदेवांचं गृहीतक खोडलं नाही, मान्य केलं. देवावर पाय ठेवू नये, कबूल. मग तेच गृहीतक नामदेवांच्या हातात देऊन म्हणाले, आता हे वापरून बघ. वापरता वापरता ते गृहीतक कुठं अडकतं हे नामदेवांना स्वतःच्या हातांनी कळलं. निष्कर्ष विसोबांनी सांगितलाच नाही. तो नामदेवांचा स्वतःचा झाला, म्हणून टिकला. मत लादलं की माणूस उलटा ताठर होतो, कारण आपलं स्वातंत्र्य जातंय असं त्याला वाटतं. जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि ती गोष्ट आज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असते. तेरढोकी आणि औंढा या दोन प्रसंगांत तिची दोन्ही टोकं आहेत. एकाच माणसाला एकच गोष्ट एका ठिकाणी पटली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जन्मभरासाठी पटली.

या नामदेवांनी पुढं काय केलं? ते पंजाबात गेले. तिथं त्यांची जात, गाव, गुरू, पंढरपूर, यातलं काहीच कुणाला सांगून उपयोग नव्हता. त्यांनी तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत पदं रचली. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, आणि 2015 मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं. श्रोत्याच्या भाषेत, श्रोत्याच्या अनुभवातून बोलणं म्हणजे काय, याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

पण गौरवावर थांबणं बरोबर होणार नाही. औंढ्याचीच दुसरी कथा घ्या. नामदेव देवळापुढं कीर्तन करत होते, त्यांना तिथून हटवून मागच्या बाजूला पाठवलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदीची जागा दाखवून गावकरी आजही ही गोष्ट सांगतात. मला ही कथा अस्वस्थ करते. तिच्यात देवळाचं दगडी अंग फिरतं. ज्यांनी नामदेवांना हटवलं त्यांचं मन फिरल्याचं मात्र कथा सांगत नाही. लोकमनानं इथं एक कटू गोष्ट नोंदवून ठेवली आहे, असं मी समजतो : काही ठिकाणी उत्तम युक्तिवादसुद्धा माणसाला हलवत नाही, कारण त्याचं म्हणणं कारणांवर उभंच नसतं, हितसंबंधांवर असतं.

अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या संत चोखोबांचं तेच झालं. त्यांचे प्रश्न बिनतोड होते. त्यांचे अभंग महाराष्ट्रानं कीर्तनात गायले, त्यांच्यावर माना डोलावल्या, आणि पंढरपूरच्या देवळाचं दार त्यांच्यासाठी बंदच ठेवलं. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वाराबाहेर समाधी दिली, असं परंपरा सांगते. ते दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून सभा घेतल्या, लोकांना समजावलं, आणि तरी भागलं नाही तेव्हा मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं. त्याआधी नाशिकच्या काळाराम मंदिरातल्या प्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 पासून सत्याग्रह झाला, तो तर दार न उघडताच थांबवावा लागला. पटवण्याच्या कलेवर बोलताना तिची ही मर्यादा झाकून ठेवली, तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहिलो नाही असं होईल.

कीर्तनाचीही एक मर्यादा आहे. मांडवात पूर्वपक्ष महाराजच मांडतात. खांबाला टेकून बसलेल्या माणसाला उठून ‘नाही महाराज, मला असं म्हणायचं नव्हतं’ म्हणता येत नाही. गाडगेबाबांनी ही भिंत बरीच खाली आणली. ते कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडून घेत. एकेक प्रश्न साधा, एकेक उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि दहाव्या प्रश्नाला नवसाचं बोकड कापणं चूक, हे लोकांच्याच तोंडून बाहेर पडे. शिवाय संध्याकाळी बोलणारा हा माणूस सकाळपासून त्यांचं गाव खराट्यानं झाडत असे. बोलणाऱ्याचं चारित्र्य हेच पटवण्याचं मोठं साधन, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. शेतीतही हेच दिसतं. अमेरिकेत आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली होती. ते पेरायचं मात्र जास्त करून शेजाऱ्याचं पाहून ठरलं. आपल्याकडं हळदीचं नवं बेणं याच वाटेनं जातं, कृषी खात्याच्या पत्रकापेक्षा शेजारच्या वावरातून.

समोरचा प्रत्यक्ष बोलू लागला की काय होतं, ते पाहायला आता तुम्हाला एक कोडं घालतो. मनातल्या मनात सोडवा. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतंय : इ, क, 4, 7. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम खरा की खोटा हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? फक्त लागतील तेवढेच.

बहुतेकांच्या मनात आलं असेल ‘इ आणि 4’, नाहीतर नुसता ‘इ’. बरोबर उत्तर आहे इ आणि 7. 4 च्या मागं काहीही असलं तरी नियम मोडत नाही. 7 च्या मागं स्वर निघाला तर मोडतो. आपण 4 कडं जातो आणि नियम खोटा ठरवू शकणारा पत्ता टाळतो. पीटर वेसन यांनी हे कोडं 1966 मध्ये तयार केलं. डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल यांनी 1998 मध्ये ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दिलं. एकेकट्यानं सोडवणाऱ्यांपैकी 9 टक्क्यांना उत्तर आलं. पाच-सहा जणांचे गट करून, चर्चा करून सोडवायला सांगितलं तेव्हा 75 टक्के गटांना आलं. गटातल्या एकाला तरी 7 चा संशय येतो, तो बोलतो, बाकीचे भांडतात आणि मग त्यांना पटतं. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी 2011 मध्ये यावरून मोठा सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते माणसाची तर्कशक्ती एकट्यानं ध्यान लावून सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही. ती एकमेकांशी वाद घालण्यासाठी घडली आहे. विरोधक नसला की ती आळसावते आणि आपल्याच बाजूची वकिली करत बसते.

हे शाळेत कसं आणायचं? कोलंबिया विद्यापीठातल्या डीना कून यांनी त्यासाठी आयुष्य दिलं आहे. अमँडा क्रॉवेल यांच्याबरोबरचा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली सहावी ते आठवीची मुलं. एका मताची दोन मुलं एकत्र बसत आणि विरुद्ध मताच्या जोडीशी संगणकावर लिहून वाद घालत. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं समोर राहतं, त्यामुळं समोरच्याच्या वाक्याला उत्तर न देता पुढं पळता येत नाही. असं तीन वर्षं चाललं. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या एका वर्गातली मुलं त्याच काळात शिक्षकांबरोबर चर्चा करत होती आणि निबंध तर या मुलांपेक्षा जास्त लिहीत होती. शेवटी दोन्ही वर्गांना नव्याच विषयावर निबंध दिला. विरुद्ध बाजूचा विचार करून लिहिण्यात वाद घालणारी मुलं पुढं निघाली. लिहिताना समोर कुणी नव्हतं, तरी समोरचा त्यांच्या डोक्यात येऊन बसला होता.

आपल्याविरुद्धची बाजू अशी जवळ बाळगणं शास्त्रज्ञांनाही लागतं. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी मोजायचा. इतक्या सूक्ष्म मोजमापावर जगानं विश्वास का ठेवावा? अमेरिकेतल्या लायगोच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधलं ते मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. त्यांनी मोजक्या काही जणांना अधिकार दिला की तुम्ही गुपचूप, कुणालाही न सांगता, यंत्रात खोटा संकेत घालू शकता. 2010 च्या सप्टेंबरात एक ठळक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंध लिहून तयार केला. 2011 च्या मार्चमध्ये, संकेत खरा की घातलेला याचं उत्तर असलेलं बंद पाकीट सर्वांसमक्ष उघडलं. संकेत खोटा होता, मुद्दाम घातलेला.  आपली पद्धत खऱ्याखोट्याला कशी सामोरी जाते, हे त्यांना पाहायचंच होतं. म्हणून 14 सप्टेंबर 2015 ला खरी गुरुत्वीय लहर आली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं ते हेच : हा संकेत कुणी घातलेला तर नाही ना? सगळं तपासून झाल्यावर 11 फेब्रुवारी 2016 ला जगाला सांगितलं आणि जगानं मानलं. आपल्याच विरुद्धचा पूर्वपक्ष त्यांनी कामाच्या नियमांतच बसवून टाकला होता. विसोबांच्या औंढ्याला अशी शास्त्रज्ञ मंडळी येताहेत याचा मला फार आनंद आहे. तालुक्यातल्या मुलांना वेधशाळा दाखवायला न्याल, तेव्हा यंत्राआधी त्या पाकिटाची गोष्ट सांगा.

शेवटी आयोजकांना आणि इथल्या मुख्याध्यापकांना एक मागणी करतो. जिल्ह्यात एक वादविवाद स्पर्धा अशी घ्या की बाजू कोणती ते मुलांना व्यासपीठावर आल्यावर चिठ्ठी उचलून कळेल. म्हणजे तयारी दोन्ही बाजूंची करावी लागेल. बोलायला उभं राहिलेल्यानं आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणेपर्यंत त्याला स्वतःचा मुद्दा मांडता येणार नाही. निम्मे गुण या भागाला. श्रोत्यांचे हात सुरुवातीला मोजायचे, शेवटी पुन्हा मोजायचे.

विषय घरातले घ्या. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उसाला किती द्यावं? हळद निघाल्याबरोबर विकावी की वखारीत ठेवावी? सप्ताहाच्या पंगतीचा खर्च कमी करावा का? आणि एक विषय मी आग्रहानं सुचवतो : दहावीनंतर मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवावं का? यावर मुलींनी दोन्ही बाजूंनी बोललेलं मला ऐकायचं आहे. एसटी वेळेवर येत नाही, वसतिगृहात जागा मिळत नाही, लोक बोलतात, पुढं जुळवताना अडचण येते, हे सगळं त्यांनी घरात इतक्या वेळा ऐकलेलं असतं की बापाची बाजू त्यांच्याइतकी नेमकी बापालाही मांडता येणार नाही. ती त्याच्याच शब्दांत, त्याची भीती खरी मानून, आधी मांडायची. मग गाडीच्या वेळा, वसतिगृहाचा अर्ज, सोबत जाणाऱ्या दोन मैत्रिणींची नावं, असं एकेक उत्तर द्यायचं. स्पर्धेला पालकांना बोलवा, आणि त्यांचेही हात मोजा.